इंजिनावर कोण बसतं?

डहाणू रोड स्टेशनातून बाहेर पडलं की रिक्षांच्या पलीकडून हाक ऐकू येते, ‘तलासरी, तलासरी, तलासरी!’ हाक मारणारा गाडीच्या उघड्या दारात एक पाय ठेवून उभा असतो. गाडी कधी इको, कधी मॅजिक, कधी एखादी जुनाट जीप. आत सहा-सात माणसं बसलेली असतात आणि नवख्या माणसाला वाटतं, भरली. गाडी मात्र हलत नाही. मग कॉलेजातली दोन मुलं येतात, माशांची रिकामी पाटी घेऊन एक मावशी येते, तापलेलं पोर खांद्यावर टाकून एक बाई येते. ‘सरका जरा, दादा.’ सगळे सरकतात. गाडी भरली की निघते, आणि भरली म्हणजे किती हे ज्याचं त्याने आपल्या गुडघ्यांवरून ओळखायचं.

शाळेत असल्यापासून मी अशा गाड्यांमधून फिरतो आहे. पुढे ड्रायव्हर आणि दुसरा प्रवासी यांच्या मधली फट ही माझी तेव्हाची ठरलेली जागा. पोरगं अंगाने लहान, ते तिथे मावतं, एवढाच हिशेब. बुडाखाली इंजिन असायचं. पावसाळ्यात ती ऊब बरी वाटायची, मे महिन्यात पंचा घडी करून खाली घ्यावा लागायचा. पुढे इंजिनिअरिंगला गेलो, नोकरी सॉफ्टवेअरमधली धरली, पण गाडीच्या पोटात काय कुठे बसवलं आहे हे पाहायची खोड गेली नाही. त्या खोडीतून एकदा अमेरिकेतल्या साठच्या दशकातल्या छोट्या व्हॅनबद्दल वाचायला लागलो आणि माझी ती जुनी जागा मला तिथे सापडली. तिकडे तिला नावही होतं. दोन सीटांच्या मधल्या इंजिनावरच्या पेटीसारख्या झाकणाला तिकडचे शौकीन लोक ‘डॉगहाउस’ म्हणतात. कुत्र्याचं घर.

या व्हॅनबद्दल जे लिहिलं जातं त्याबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि हा लेख त्या तक्रारीपोटी लिहितो आहे. हे सगळं लेखन गाडी बाळगणाऱ्यांचं आहे. कोणत्या साली कोणतं इंजिन आलं, कोणता रंग दुर्मीळ, कोणती खिडकी मूळची आणि कोणती मागाहून कापलेली, हे त्यात चोख असतं. ड्रायव्हरचे गुडघे पत्र्यापासून वीतभर अंतरावर असत, ही गोष्ट त्यात येते ती गंमत म्हणून. मला ती त्या सगळ्या इतिहासाची मधली गोष्ट वाटते. छोटी व्हॅन बाहेरून आखूड आणि आतून मोठी असते. ही जादू फुकट होत नाही, कोणीतरी तिची किंमत आपल्या अंगाने मोजतं. तो माणूस कोण, आणि त्याला नाही म्हणता येतं का, यावर त्या गाडीचा पुढचा आकार ठरत गेला आहे.

*

आधी गणित पाहू. साध्या मोटारीत इंजिन पुढे बॉनेटखाली असतं, त्यामुळे लांबीचा बराच भाग माणसाच्या किंवा मालाच्या कामाचा उरत नाही. ड्रायव्हरला उचलून पुढच्या चाकांवर बसवा, इंजिन त्याच्या शेजारी किंवा पार मागे ढकला, की मागची सगळी पेटी मोकळी. १९४७ साली फोक्सवॅगनचा डच आयातदार बेन पॉन याने वहीत अशा पेटीचं साधं रेखाटन केलं आणि १९५० पासून ती व्हॅन बनायला लागली. तिचं इंजिन मागे होतं. पन्नासच्या दशकात ती अमेरिकेत जाऊन पोचली आणि लांबच लांब गाड्या बनवणाऱ्या डेट्रॉइटला कळलं की आखूड गाडीलाही गिऱ्हाईक आहे.

उत्तरं १९६१च्या मॉडेलांत आली. फोर्डने आपल्या फाल्कन मोटारीचं इंजिन दोन सीटांच्या मधे बसवून इकॉनोलाइन काढली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अवघं ९० इंच, म्हणजे २.३ मीटरच्या आत. शेवरलेने कॉर्व्हेअर मोटारीचं हवेने थंड होणारं सहा सिलिंडरांचं इंजिन मागे ठेवून व्हॅन आणि पिकअप काढल्या. १९६४ साली डॉजची ए-१०० आली, पुन्हा इंजिन सीटांच्या मधे. त्याच साली शेवरलेनेही मागच्या इंजिनाचा नाद सोडून तीच मांडणी घेतली.

इंजिनिअर म्हणून मला या गाड्या फार आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. प्रत्येकीत एक निर्णय घेतलेला दिसतो आणि त्या निर्णयाची फळं लपवलेली नसतात. शेवरलेचं इंजिन मागे, म्हणून मागच्या बाजूची फरशी उंच, म्हणून मागून माल चढवायला अवघड. मग रॅम्पसाइड नावाच्या पिकअपची कूसच खाली उघडते आणि तिचा उतार होतो. पिंप लोटत आत नेता येतं. फोर्डचं वजन सगळं पुढे, म्हणून रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताच शेपूट उचलू पाहते. डॉजच्या एका ए-१०० पिकअपमध्ये भलंमोठं इंजिन घालून ती शर्यतीच्या मैदानावर पुढची चाकं हवेत उचलून पळवली जाई. ‘लिटल रेड वॅगन’ या नावाने तिचा खेळ बघायला लोक गर्दी करत. आखूड गाडीचा तोलाचा दोष असा कोणीतरी तमाशाला लावला.

त्यात राजकारणानेही हात घातला. अमेरिकेची स्वस्त गोठवलेली कोंबडी युरोपात येऊ नये म्हणून तिथे आयातकर वाढवले गेले, तेव्हा उलट तडाखा म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काही मालांवर २५ टक्के कर बसवला. त्यात बटाट्याचा स्टार्च होता, ब्रँडी होती आणि माल वाहणाऱ्या हलक्या गाड्याही होत्या. जर्मन मालवाहू व्हॅनचा रस्ता त्यामुळे अडला. कोंबडीचं भांडण केव्हाच विसरलं गेलं, गाड्यांवरचा कर टिकून राहिला. म्हणजे डेट्रॉइटला मैदान मोकळं होतं आणि हातात चालणारी गाडी होती. तरीही त्यांनी ती गाडी दहा वर्षांच्या आत सोडून दिली. नव्या इकॉनोलाइनमध्ये फोर्डने इंजिन पुढे सरकवलं आणि नाकाशी आखूड बॉनेट दिलं. १९७१च्या मॉडेलांपर्यंत शेवरले आणि डॉज यांनीही तेच केलं.

का केलं? गाड्यांवरच्या लेखनात याचं उत्तर असं मिळतं: गिऱ्हाइकाला मोठं इंजिन हवं होतं आणि तेल तपासायला दर वेळी सीटजवळचं झाकण उघडायचा कंटाळा आला होता. हे खरं आहे. पण १९६५ साली राल्फ नाडर यांचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक आलं होतं. त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर होतं. १९६६ साली अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. सुरुवातीचे बरेच नियम मोटारींपुरते होते, व्हॅनना ते सावकाश लागले. म्हणून कायद्यामुळेच नाक पुढे आलं असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या व्हॅनच्या पुढच्या सीटवर प्लंबर बसत होता, दूधवाला बसत होता, पोरांना घेऊन समुद्रावर निघालेला बाप बसत होता. गाडीचे पैसे देणारा आणि गुडघे पुढे करणारा बहुतेक वेळा एकच होता. शोरूममध्ये उभा राहून तो ‘ही नको, ती दाखवा’ म्हणू शकत होता. त्याने तसं म्हटलं आणि गाडीला नाक आलं.

*

आपल्याकडची गोष्ट पुण्यातून जाते, आणि ती सुरू होते एका शब्दापासून.

‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो कुठून आला असं कोणी विचारत नाही. घर बदलायचं, टेम्पो करा. गणपती आणायचा, टेम्पो सांगा. हा शब्द हॅम्बुर्गच्या एका कंपनीचा आहे. तिथल्या हारबुर्ग भागात विडाल आणि पुत्र यांचा कारखाना टेम्पो नावाच्या छोट्या मालगाड्या बनवायचा. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली. आधी गोरेगावला हॅन्सीट ही तीनचाकी निघाली, मग कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला आणि १९६९ साली तिथून मॅटाडोर बाहेर पडली.

मॅटाडोर हे नावही हारबुर्गचं. तिथल्या १९४९च्या पहिल्या मॅटाडोरला चक्क फोक्सवॅगन बीटलचं इंजिन होतं; पुढे फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन आली आणि तो पुरवठा थांबला. म्हणजे डेट्रॉइटला जिने जागं केलं ती व्हॅन आणि आकुर्डीच्या मॅटाडोरची पूर्वज या एका इंजिनाच्या नात्याच्या. जर्मनीत टेम्पोचा कारखाना हानोमागकडे गेला, तिथून मर्सिडीजकडे. मॅटाडोरचं जे चौकोनी रूप आपल्याला आठवतं ते १९६७च्या सुमाराचं जर्मन रूप आहे. तिकडे ते १९७७ पर्यंत मर्सिडीजच्या नावाने विकलं गेलं, इकडे त्यानंतरही वर्षानुवर्षं बनत राहिलं.

मॅटाडोरच्या मांडणीत मला सगळ्यात शहाणी वाटते ती तिची फरशी. ओढ पुढच्या चाकांना दिलेली, त्यामुळे मागे जाणारा दांडा नाही, आणि म्हणून फरशी जमिनीपासून बरीच खाली. स्ट्रेचर आत सरकवायला सोपं, म्हणून ती रुग्णवाहिका झाली. पोरांना चढायला सोपं, म्हणून शाळेची गाडी झाली. शववाहिनीही झाली. भाजी, वर्तमानपत्रं, बँडवाले, वऱ्हाड, सगळं तिच्यात मावलं. अमेरिकेत व्हॅनच्या अंगावर सूर्यास्त आणि ड्रॅगन रंगवून आत गालिचे घालायची टूम सत्तरच्या दशकात निघाली. आपल्याकडे त्याच वर्षांत व्हॅनच्या कपाळावर देवाचं नाव आलं आणि आत बाकं आली. तिकडे व्हॅन ही कामावरून सुटका होती, इकडे ती कामच होती. म्हणून तिच्यावर आपल्याकडे आठवणींचे लेख निघाले नसावेत. आपल्याला वाहून नेणाऱ्या गाडीबद्दल आपण फारसं लिहीत नाही, आपण घेतलेल्या गाडीबद्दल लिहितो.

मॅटाडोरमध्ये इंजिनाचं झाकण ड्रायव्हरच्या शेजारीच, आणि त्यावर कोणी ना कोणी बसलेलं. जर्मनीत १९७७ साली मर्सिडीजने नवी व्हॅन काढली तिला आखूड का होईना, पुढे नाक होतं. ती मांडणी १९८७ साली पुण्यात आली आणि तिची ट्रॅव्हलर झाली. आज १०८ला फोन केल्यावर जी रुग्णवाहिका येते ती बहुधा याच घराण्यातली. कंपनीने २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. टेम्पो हा शब्द तिने पाटीवरून उतरवला आणि मराठीने तो ठेवून घेतला.

*

आता डहाणूच्या गाडीकडे येतो. तिचं घराणं पुण्याचं नाही, जपानचं.

जपानमध्ये ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. लांबी आणि इंजिन ठरलेल्या मापाच्या आत ठेवलं की कराची सवलत मिळते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ही मर्यादा ३.२ मीटर आणि ५५० सीसी होती. एवढ्या लांबीत जास्तीत जास्त पेटी काढायची तर नाकाला जागाच नाही. सुझुकीच्या कॅरी व्हॅनची आखणी अशी झाली आणि ती १९८४ साली भारतात मारुती व्हॅन म्हणून आली. इंजिन तीन सिलिंडरांचं, ७९६ सीसी, पुढच्या सीटांखाली. १९८८ साली तिचं नाव ऑम्नी झालं. आमच्याकडे शेवटपर्यंत ती ‘मारुती व्हॅन’च राहिली.

ऑम्नीची खरी करामत तिच्या दारात आहे. साठच्या दशकातल्या अमेरिकन व्हॅनना कुशीत दोन झडपांचं दार असे, बाहेर उघडणारं. त्याला शेजारी मोकळी जागा लागते. सरकतं दार गाडीच्या अंगालाच चिकटून मागे जातं. बाजाराच्या गल्लीत, स्टेशनासमोर, शाळेच्या फाटकाशी, जिथे दोन गाड्यांमधे हात घालायला जागा नसते तिथे हे दार उघडतं. म्हणून शाळेची पोरं तिच्यात गेली, लाँड्रीचे गठ्ठे गेले, घोलवड-बोर्डीकडच्या वाड्यांमधून चिकूच्या करंड्या गेल्या. हिंदी सिनेमाने हेच दार पाहिलं आणि तिला पळवापळवीची गाडी करून टाकलं. कर्र करून दार सरकतं, दोन हात बाहेर येतात, नायिकेची बहीण आत. प्रेक्षकांनी ते इतकं मनावर घेतलं की काळ्या काचेची ऑम्नी दिसली की अजून कोणीतरी तो विनोद करतंच. मला हा विनोद आळशी वाटतो. ज्या गाडीने दोन पिढ्या शाळेत पोचवल्या तिची आठवण एका अपहरणाच्या दृश्यावर उरावी, यात गाडीपेक्षा आपल्या नजरेचा कंजूषपणा जास्त दिसतो.

पण ऑम्नीवर टीका करायची तर ती दाराशी नाही, तिच्या नाकाशी जाऊन करायला हवी. किंवा नाक नसल्याशी. ड्रायव्हरच्या पावलांपुढे पत्रा, पत्र्यापुढे दिवा, दिव्यापुढे रस्ता. जपानमध्ये १९९८ साली या वर्गाच्या लांबीची मर्यादा ३.४ मीटर झाली. धडकेत माणूस वाचावा म्हणून गाडीला पुढे थोडा पत्रा मिळावा, हे त्यामागचं मुख्य कारण होतं. सुझुकीच्या तिथल्या नव्या व्हॅनला आखूड नाक आलं आणि पुढची चाकं सीटांच्या पुढे गेली. त्याच घराण्यातून आपल्याकडे आधी व्हर्सा आली आणि २०१० साली इको. ऑम्नी मात्र तिच्या शेजारी तशीच बनत राहिली. धडकेचे नवे नियम ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या मोटारींना लागू व्हायचे होते. त्याआधी काही महिने ऑम्नी थांबली.

आता वर्षं एका ओळीत मांडून पाहू. अमेरिकेत १९७१ पर्यंत इंजिन ड्रायव्हरच्या पुढे गेलं. जर्मनीत १९७७, पुण्यात १९८७. जपानमध्ये शतक संपता संपता निदान चाकं तरी पुढे गेली. ऑम्नीत दोन्ही जिथल्या तिथे राहिली, ३५ वर्षं. तंत्र कोणाकडे नव्हतं असं यातल्या कुठल्याच वर्षी म्हणता येत नाही. पुण्यात तर ट्रॅव्हलर रोज बनत होती. फरक होता तो गाडी घेणारा आणि गाडीत बसणारा यांच्यातल्या अंतराचा. आमच्याकडे गाडी घेतो तो कर्ज काढून, फेऱ्यांवर हप्ते फेडायला. त्याला स्वस्त आणि आखूड गाडी परवडते. तिच्यात बसणारा शोरूममध्ये कधी जातच नाही. त्याची निवड स्टेशनाबाहेर होते: ही गाडी, नाहीतर चालत.

*

सीट किती, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्यावर कागद आणि रस्ता यांचं कधीच जमत नाही.

ऑम्नी पाच आणि आठ माणसांची मिळायची. इको पाच आणि सातची आली. २००७ साली आलेली टाटा मॅजिक ही २००५च्या ‘एस’ या छोट्या मालगाडीची, म्हणजे लोकांच्या ‘छोटा हाथी’ची बहीण. ती पुण्यात आखलेली आणि मुळातच प्रवासी फेऱ्या डोळ्यांपुढे ठेवून काढलेली. मला वाटतं, या सगळ्या घराण्यांत बसणाऱ्याचा आधी विचार केलेली ही एकच. पण तलासरीच्या वाटेवर तिच्यातही मागे समोरासमोर गुडघ्यांना गुडघे लागतात आणि दारात एक जण उभा असतो. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली इको धडकवून पाहिली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. त्या वर्षी त्याच फेरीत इतरही काही भारतीय गाड्यांना शून्यच मिळालं. पुढे नियम आले. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरपुढे एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्या सीटलाही.

हे चांगलं झालं. पण ती चाचणी कशी होते ते पाहा. पुढे मोठ्या माणसांच्या दोन बाहुल्या, मागे लहान मुलांच्या दोन. चार बाहुल्या, चौघांना पट्टे. माझ्या ओळखीच्या गाडीत चौदा माणसं असतात, एक पाटी असते, आणि पट्टा सीटच्या खाचेत कुठेतरी गेलेला असतो. दोन एअरबॅगांच्या मधोमध, इंजिनाच्या उबेवर, एक पोरगं बसलेलं असतं. त्याची बाहुली अजून कोणी बनवलेली नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला चाचणी आणि वापर यांच्यातली तफावत म्हणतो आणि दोष वापरणाऱ्यावर टाकून मोकळे होतो. ‘तुम्ही ते असं वापरायलाच नको होतं.’ गाड्यांच्या बाबतीतही हेच वाक्य ऐकू येतं. आरटीओ म्हणतं, जादा प्रवासी बसवू नका. कंपनी म्हणते, ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त बसवू नका. दोघांचंही बरोबर आहे, आणि स्टेशनाबाहेर साडेआठला उभ्या असलेल्या बाईला त्याचा काही उपयोग नाही.

कारण वापर कुठून येतो ते पाहायला हवं. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. मुंबईला जाऊन कामावरून परतणं शक्य झालं, पण स्टेशनापासून आशागड, गंजाड, कासा किंवा तलासरीकडचे पाडे जिथल्या तिथेच राहिले. एसटी आहे, डहाणूला तिचा डेपो आहे. पण लोकल आली की एसटी मिळेलच असं नाही, आणि रस्त्यापासून आत पाड्यावर ती वळत नाही. व्हॅन वळते. कंपनीतल्या पाळीची मुलगी, कासाच्या रुग्णालयात निघालेला म्हातारा, महालक्ष्मीच्या यात्रेला निघालेलं अख्खं घर, या सगळ्यांना त्या आखूड गाडीने नेलं आहे. जादा माणसांच्या गाड्या बंद करा, हे मुंबईत बसून म्हणणं सोपं आहे. मी त्या गाडीतून उतरून हे लिहितो आहे, मला ते म्हणवत नाही. गाडीवालाही काही राक्षस नसतो. सात माणसांच्या भाड्यात डिझेल, हप्ता आणि परतीची रिकामी फेरी बसत नाही हे गणित त्याने शाळेत शिकलेलं नाही, पण त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं येतं.

मग टीका कोणावर करायची? माझ्यापुरतं उत्तर असं आहे की या गाड्यांकडे पाहण्याच्या आपल्या पद्धतीवर. इकॉनोलाइनचं कौतुक करताना मी स्वतः तेच केलं होतं. ९० इंचांत केवढी जागा काढली, वा! जागा काढली हे खरं. कोणाच्या पायांतून काढली, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. पायाखालचं इंजिन ज्याने सोसलं आहे त्यालाही पडला नाही, इतकी ती सवय पक्की असते. छोट्या व्हॅनचा चांगला इतिहास लिहायचा तर तो इंजिनाच्या सीसीपासून सुरू करू नये. आत किती जण बसले होते, कोण खिडकीशी होतं, कोण दारात, कोण इंजिनावर, इथून सुरू करावा. मग अमेरिकेतल्या नाक आलेल्या व्हॅनचा अर्थ वेगळा लागतो, आणि ऑम्नीच्या ३५ वर्षांचाही.

या जागांना आपसांत मानही असतो. पुढची खिडकीची सीट बहुधा शर्ट इस्त्री केलेल्या माणसाला मिळते. बायका मागे. मधली फट पोराला. गेल्या काही वर्षांत पाठीला लॅपटॉपची बॅग असल्यामुळे असेल, गाडीवाले मला ‘सर, पुढे या’ म्हणायला लागले आहेत. भाडं तेवढंच घेतात. म्हणजे मधल्या फटीतून खिडकीशी यायला मला इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि एक नोकरी लागली. एअरबॅग आहे ती माझ्यासमोर.

परवा असाच पुढे बसलो होतो. मधे आठ-दहा वर्षांचा एक मुलगा येऊन बसला, बुडाखाली शाळेचं दप्तर घेऊन. त्याची आजी मागे होती. मी त्याला म्हटलं, तू इकडे खिडकीशी ये, मी मधे बसतो. तो आजीकडे वळून पाहायला लागला. गाडीवाला हसला आणि म्हणाला, ‘सर, तुम्ही तिथे मावणार नाही.’ करून पाहिलं. खरंच मावलो नाही. गिअर टाकायला त्याचा हात फिरेना. मुलगा परत मधे गेला. मी गाडीवाल्याला विचारलं, कागदावर किती माणसं आहेत? ‘कागद घरी आहे,’ तो म्हणाला, आणि मागे वळून ओरडला, ‘अजून एक येतील, सरका जरा.’